मुंबईच्या पावसात रोझमेरी जगवायची कशी? (बाल्कनीवाले, ग्रिलवाले, केसांना तेल लावणारे, सगळे या)

खिडकीतलीबाग · ९ जून
नमस्कार मंडळी, पाऊस तोंडावर आलाय आणि माझी रोझमेरी आत्ता मस्त हिरवीगार आहे म्हणूनच धागा काढतेय. दरवर्षीचं ठरलेलं आहे, मेपर्यंत झाड छान, मृग लागला की घरघर सुरू आणि गणपतीपर्यंत खल्लास. राहते कांदिवलीला, तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी, बाहेर काढलेली ग्रिल, वर पत्रा नाही, दुपारी एकनंतर ऊन भरपूर. नर्सरीवाला दरवेळी एकच सांगतो, "मॅडम पाणी कमी पडलं." पाणी कमी? जुलैत? ग्रिलमधल्या झाडाला?? तर प्रश्न असा की हे झाड मुंबईत मुळात जगतं का, की उटीबिटीलाच शोभतं. ज्यांच्याकडे वर्षाच्या वर टिकलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब सगळं बघून झालंय.

चाळीचा_जिना · ९ जून
पानं खालून जातात की शेंड्याकडून? काळी की तपकिरी?

खिडकीतलीबाग · ९ जून
खालून. बुंध्याजवळची आधी करडी होतात, मग काळपट, नुसता हात लागला तरी गळतात. शेंडे शेवटपर्यंत हिरवे असतात आणि मग एक दिवस सगळंच मान टाकतं.

कोरडवाहू · ९ जून
मुळं कुजतायत तुमची. म्हणजे झाडाची.

जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची, स्पेन, इटली, ग्रीस, मोरोक्को, ट्युनिशिया ह्या बाजूची, चुनखडीच्या खडकाळ उतारांवर आपोआप वाढणारं झुडूप. आता लोक "समुद्रकिनाऱ्याचं झाड" असं वाचतात आणि म्हणतात मुंबईलाही समुद्र आहे की. आहे ना, पण ऋतू उलटे आहेत. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, त्यामुळे माती ओली असते तेव्हा हवेत गारवा असतो आणि उकाडा असतो तेव्हा माती कोरडी. आपल्याकडे उकाडा आणि ओल एकदमच येतात. अथेन्सला अख्ख्या वर्षात साधारण ४०० मिमी पाऊस पडतो, सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याच्या दुप्पट. तेव्हा मे महिन्यातलं ऊन हिला काही करत नाही, तिच्यासाठी ते घरचंच हवामान. तिचा घात जून ते सप्टेंबर.

आता एक पान तोडून उलटं करून बघा, चष्मा असेल तर लावून. वरून सुईसारखं दिसतं पण सुई नाही ते, पानाच्या दोन्ही कडा खाली वळलेल्या आहेत, मधे बारीक पन्हळ झालीय आणि तिच्यात पांढरी लव भरलेली. पानाची छिद्रं त्या लवेत लपलेली असतात. कोरड्या वाऱ्यात अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. ऑगस्टमध्ये काय होतं बघा, हवा इतकी दमट की पाणी उडतच नाही, ऊन नाही, त्यामुळे मुळं पाणी ओढत नाहीत आणि कुंडी आठवडाभर ओलीच्या ओली. ओल्या मातीत हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात, मग पिथियम, फायटोफ्थोरा वगैरे मुळं कुजवणारी बुरशीसारखी मंडळी येतात. आणि खरी गंमत पुढे आहे. मुळं कुजली की वर पाणी पोचत नाही, म्हणून पानं सुकल्यासारखी दिसतात, आपण म्हणतो अरेरे तहानलंय बिचारं आणि घालतो अजून एक मग पाणी. तुमच्या नर्सरीवाल्याचं निदान हेच.

तिसरी_सीट · ९ जून
थोडक्यात रोझमेरीला रेनकोट घ्या 😂

कोरडवाहू · ९ जून
थट्टा नाही, तेच उत्तर आहे. पाऊस लागायच्या आधी ग्रिलमधून आत घ्या. पागोळ्याही नकोत.

दर्यावर्दी · १० जून
आमचं घर वर्सोव्याला, समुद्र समोरच, खारा वारा इतका की खिडकीच्या कड्या हिरव्या पडतात आणि मोगऱ्याची पानं कडेनं भाजतात. रोझमेरीला त्या वाऱ्यानं आजवर काहीही झालेलं नाही. कुंडी छज्जाच्या खाली भिंतीला चिकटून, पावसाचा थेंब लागत नाही पण वारा चोवीस तास. माझ्या मते वारा हा महत्त्वाचा भाग आहे, तो कोणी सांगत नाही. घरात घ्या म्हटलं की लोक टीव्हीशेजारी कोपऱ्यात नेऊन ठेवतात, तिकडे ना ऊन ना वारा, मग पानांवर भुरी येते, पांढरी पावडर टाकल्यासारखी. उघड्या खिडकीत ठेवा.

पावसात पाणी किती घालता असं विचारणाऱ्यांसाठी, बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं आलं तरच. जुलै-ऑगस्टात कधीकधी दहा दिवस घालावं लागत नाही.

मातीकाला · १० जून
पाणी पाणी काय करताय, आधी माती बघा. नर्सरीतलं रोप बहुतेकदा पॉलीहाऊसमध्ये कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवलेलं असतं आणि विकताना त्याच्याभोवती लाल माती थापून काळ्या पिशवीत बसवतात. आत स्पंज, बाहेर चिकट गोळा. ते रोप तसंच्या तसं प्लास्टिकच्या कुंडीत गेलं आणि खाली ताटली ठेवली की संपला विषय, मग तुम्ही पाणी मोजून घाला नाहीतर ड्रॉपरनं घाला.

मी करतो ते असं. मातीची कुंडी, आठ ते दहा इंची, रंग न दिलेली, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. निम्मी लाल माती आणि निम्म्यात जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे, प्लास्टरची बारीक रेती नको, ती सिमेंटसारखी बसते. इमारतीचं काम चालू असतं तिथे चाळून उरलेली खडी कोणीही मूठभर देतं. गांडूळखत अगदी चमचा-दोन चमचे, जास्त खत दिलं की फांद्या लुसलुशीत होतात आणि वासही पातळ. कोकणातली लाल माती आम्लधर्मी, हिला चुनखडीची सवय, म्हणून वर्षातून एकदा चिमूटभर शेतीचा चुना किंवा अंड्याच्या टरफलांची पूड. आणि ती ताटली फेकून द्या.

खिडकीतलीबाग · १० जून
ताटली काढली तर पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या ग्रिलचा फोटो येतो. एकदा येऊन गेलाय, लाल गोल करून 🙏

मातीकाला · १० जून
मग ताटलीत खडे भरा आणि कुंडी खड्यांवर ठेवा, बूड पाण्याला लागता कामा नये.

हिरवागार_काका · १० जून
इतकं शास्त्र नको हो. आंबट ताक पातळ करून आठवड्याला एक ग्लास, माझी सगळी झाडं जोमात.

कोरडवाहू · १० जून
काका, कढीपत्त्याला घाला की, तो आनंदानं पिईल. हिला पावसाळ्यात कुठलंच द्रव खाद्य नको, ताक नाही, तांदळाचं धुवण नाही, डाळीचं नाही. अख्खा रोग ओलीचा आहे आणि आपण अजून ओल देणार.

हिरवागार_काका · १० जून
बरं. कढीपत्ता आहेच.

अबोली_गजरा · ११ जून
एक भाबडा प्रश्न. दवणा म्हणजे रोझमेरीच्याच जातीचा का? वास दोन्हीचा डोक्यात जाणारा आणि दोन्ही चैत्र-वैशाखातल्या उन्हात तरारून असतात म्हणून विचारलं.

कोरडवाहू · ११ जून
नाही, दवणा शेवंती-झेंडूच्या कुळातला. रोझमेरी तुळशीच्या कुळातली, म्हणजे तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा ही सगळी हिची भावंडं. खोडाची कोवळी फांदी बोटात फिरवून बघा, चौकोनी लागते, तुळशीसारखीच. दादरच्या फुलबाजारात वेणीत घालायला मरवा मिळतो ना, तो हिचा अगदी जवळचा शेजारी, मूळचा सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानकडचा. आपल्याकडे तो इतका मुरलाय की परका वाटतच नाही.

अजून एक. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं १७५३ साली हिला रोझमरिनस असं स्वतंत्र घर दिलं होतं, २०१७ मध्ये संशोधकांनी ते मोडून तिला साल्व्हियात टाकलं. म्हणजे थंडीत बागांमधून लालभडक तुरे येतात तो साल्व्हिया आणि ही आता एकाच आडनावाच्या.

अबोली_गजरा · ११ जून
मरवा!! आजी अंबाड्यात खोचायची. आता बघतेच मिळतो का.

केसगळती_क्लब · १३ जून
मुद्द्यावर येऊ का? मला झाड जगो न जगो, मला केस हवेत. इन्स्टावर जो तो रोझमेरी वॉटर फवारतोय. बायको म्हणते घरात सकाळ-संध्याकाळ निलगिरीचा वास येतो, सर्दीवाल्यांच्या वॉर्डात राहिल्यासारखं वाटतं. उपयोग होतो का काही? वय ३४, कपाळ मागे सरकतंय.

तिसरी_सीट · १३ जून
आला. मला वाटलंच होतं दहा पोस्टींच्या आत येणार.

औषधाची_चिठ्ठी · १३ जून
फार्मसीत काम करते, रोज हा प्रश्न असतो म्हणून एकदाच लिहिते.

ही सगळी लाट ज्या एका अभ्यासावर उभी आहे तो इराणमधला, २०१५ चा. अनुवंशिक टक्कल पडणारे १०० जण घेतले, निम्म्यांना रोझमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काहीच फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या थोडी वाढलेली आणि डोक्याला खाज मिनॉक्सिडिलवाल्यांना जास्त. ऐकायला भारी वाटतं. पण ज्यांना काहीच औषध दिलं नाही किंवा नुसतं साधं तेल दिलं असा तिसरा गट त्यात नव्हता, आणि हल्ली पुरुषांना बहुतेकदा ५ टक्केवालं मिनॉक्सिडिल देतात, तुलना झाली ती २ टक्क्यांशी. वाढही चिमूटभर. त्यावरून "मिनॉक्सिडिलइतकंच चालतं" असं रील बनवणं म्हणजे धाडसच आहे.

दुसरं म्हणजे त्यात तेल होतं. घरी उकळलेलं पाणी नव्हतं. रोझमेरीच्या वासाचा, गुणाचा बराच भाग तेलात असतो आणि तेल पाण्यात मिसळत नाही, उघड्या टोपात उकळताना तर वाफेबरोबर अर्धी खोली सुगंधी होते. ते पाणी फ्रिजबाहेर ठेवलं तर मुंबईत दोन दिवसात आंबतं, आणि लोक तेच महिनाभर डोक्यावर मारतात.

इसेन्शियल ऑइल वापरायचंच असेल तर थेट डोक्याला कधीच नाही, भाजल्यासारखं होतं, चमचाभर खोबरेलात दोन-तीन थेंब पुरे आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. गरोदर बाई, लहान मूल, मिरगीचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ह्या तेलात कापूर असतो. निलगिरीसारखा वास येतो म्हणालात ते बरोबर, सिनिओल नावाचा घटक दोन्हीत आहे. आणि चौतिसाव्या वर्षी कपाळ सरकतंय तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, जितकं लवकर तितकं बरं.

केसगळती_क्लब · १३ जून
म्हणजे खोबरेल + चंपी चालू ठेवतो आणि अपॉइंटमेंट घेतो. धन्यवाद ताई, बायकोला हा रिप्लाय दाखवला, ती तुम्हाला जेवायला बोलवा म्हणतेय.

वसईची_वाडी · १४ जून
केस वगैरे ठीक आहे पण कोणी खातं का ही? आमच्याकडे नाताळात मटण रोस्टला लागते, बाकी वर्षभर कुंडीची शोभा.

लोखंडी_तवा · १४ जून
खातो ना! पण लोक कोथिंबिरीसारखी वरून चिरून घालतात आणि मग दातात काड्या येतात म्हणतात. ही चिवट असते, हिला सुरुवातीलाच तेलात टाकायची. उकडलेले छोटे बटाटे मुठीनं जरा दाबून फोडायचे, लोखंडी तव्यावर दोन पळ्या तेल, त्यात ठेचलेला लसूण सालासकट आणि रोझमेरीची एक अख्खी काडी. काडी तडतडली, तेलाला वास लागला की काडी बाहेर काढून बाजूला ठेवायची नाहीतर करपून कडू होते. त्याच तेलात बटाटे मंद आचेवर कड कुरकुरीत होईपर्यंत, शेवटी जाडं मीठ आणि काढलेल्या काडीची पानं चुरून. आमच्याकडे हे वरणभाताबरोबर खातात, हसू नका, फार छान लागतं. पण हात आखडता ठेवा, एका कढईला एक काडी, त्यावर गेलं की बाम खाल्ल्यासारखं.

वसईची_वाडी · १४ जून
वरणभाताबरोबर 😄 करून बघते रविवारी.

औषधाची_चिठ्ठी · १४ जून
ह्यावरून आठवलं, वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटावर ई ३९२ असं दिसलं तर ते रोझमेरीचा अर्क. तेल खवट होऊ नये म्हणून घालतात.

परदेशस्थ_मुलुंडकर · १७ जून
मेलबर्नला असतो. इथे पार्किंगच्या कडेला कुंपण म्हणून लावतात हो, छातीएवढी उंच, कोणी पाणी घालत नाही, येताजाता हात फिरवत जायचं. २५ एप्रिलला अँझॅक डे, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो, तेव्हा पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला गेलेल्यांच्या आठवणीत लोक कोटाला हिची काडी लावतात, त्या गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ही रानोमाळ वाढते म्हणून. मुलुंडला आईनं लावलेली मात्र दोन पावसाळे काढू शकली नाही, आणि आईच्या हातून झाड मरत नाही एरवी.

कोरडवाहू · १७ जून
मेलबर्नला वर्षाला मुंबईच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढाच पाऊस. आईंचा दोष नाही.

खिडकीतलीबाग · ११ ऑक्टोबर
धागा वर काढतेय. जूनमध्ये सांगितलेलं सगळं केलं, माती बदलली, मातीची कुंडी, स्वयंपाकघराच्या खिडकीत आत, ओटा पुसायला त्रास झाला तो वेगळा. दसरा बघितला हिनं!! पण खालच्या फांद्या उघड्या पडल्यात, नुसत्या काटक्या आणि वर झुपका. खालून छाटली तर फुटेल ना, तुळशीसारखी?

मातीकाला · ११ ऑक्टोबर
थांबा थांबा थांबा, कात्री खाली ठेवा. तुळस फुटते, गुलाब फुटतो, ही नाही फुटत. पान नसलेल्या जुन्या लाकडात कापलं तर ती फांदी तिथेच संपते. आधी नखानं साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर तेवढीच मुळापासून काढा. बाकी हिरव्या शेंड्याचे दोन-तीन इंच खुडत राहा, खुडलेलं बटाट्यात जाईल, खाली दोन फुटवे येतील. हळूहळू भरते.

आणि ऑक्टोबर हीटमध्ये एकदम बाहेर कडक उन्हात काढू नका, चार महिने आत राहिलीय, आठवडाभर सकाळचं ऊन द्या मग दुपारचं.

कोरडवाहू · ११ ऑक्टोबर
शाब्बास. आता पुढचं काम, छाट कलमं करा. मुंबईत मी हिला कायमचं झाड समजतच नाही, दिवाळीच्या आसपास चार-पाच काड्या लावतो, मेपर्यंत त्या हाताशी येतात आणि जुनी पावसात गेली तरी वंश चालू राहतो. बियांच्या भानगडीत पडू नका, उगवण फार कमी आणि उगवली तरी वर्षभर बोटाएवढीच.

चार इंची कोवळी पण वाकवल्यावर किंचित ताठ लागणारी काडी, खालच्या निम्म्या भागाची पानं ओरबाडून नाही तर एकेक काढून, अर्धी रेती अर्धं कोकोपीट अशा ओल्या मिश्रणात खोचायची, इथे कोकोपीट चालतं कारण अजून मुळंच नाहीत. सावलीत, पण उजेड असेल तिथे. तीन-चार आठवडे उपटून बघायचा मोह टाळायचा, हलकेच ओढल्यावर हाताला विरोध जाणवला की मुळं आली.

दर्यावर्दी · १२ ऑक्टोबर
पाण्याच्या ग्लासात पण येतात मुळं, पाणी एक दिवसाआड बदलायचं. माझ्या स्वयंपाकघरात बाराही महिने एक ग्लास असतो.

अबोली_गजरा · १२ ऑक्टोबर
कोणी जास्तीच्या काड्या देणार का? बदल्यात मरवा देते, दादरहून आणलेल्या जुडीला मुळं फुटलीत, कुंडी भरलीय.

दर्यावर्दी · १२ ऑक्टोबर
मी देतो. शनिवारी दादरला येतोय, पुलाखाली फुलबाजाराच्या तोंडाशी भेटू, सकाळी लवकर, गर्दीआधी. ओल्या टिश्यूत गुंडाळून आणतो.

लोखंडी_तवा · १२ ऑक्टोबर
अरे आणि ती छाटलेली जाड काटकी फेकू नका कोणी. पानं काढायची, टोक तासायचं, पनीर नाहीतर कोळंबी ओवायची आणि तव्यावर शेकायची, बांबूच्या काडीऐवजी. वास आतून लागतो.

वसईची_वाडी · १२ ऑक्टोबर
वाळलेली चालते का काटकी की हिरवीच पाहिजे?

लोखंडी_तवा · १२ ऑक्टोबर
वाळलेली असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर कोळंबीच्या आधी तीच पेटते. मूळकुजीनं काळी पडलेली असेल तर मात्र नको, कचऱ्यात टाका, दुसऱ्या कुंडीतसुद्धा नको.